एका मिनिटाची बातमी आणि सावकाश वाढणारी गाठ

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘सेरेबो’ या हातात मावणाऱ्या यंत्राची बातमी २०२५ मध्ये देशभर झळकली. मेंदूतील रक्तस्राव एका मिनिटात ओळखणारे यंत्र! यंत्राविषयी माझी तक्रार नाही. सीटी स्कॅनची सोय कोसो दूर असेल, तेथे डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला तातडीने पुढे पाठवावे की नाही, हे कळणे मोलाचेच आहे. तक्रार आहे ती मेंदूतील रक्ताचा प्रश्नच जणू सुटला, अशा थाटाच्या मथळ्यांविषयी. आणि ते मथळे उत्साहाने पुढे पाठवणाऱ्या आपणा विज्ञानप्रेमींविषयी.

अशी यंत्रे निकट-अवरक्त प्रकाश वापरतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेते, म्हणून साचलेल्या रक्ताचा सुगावा लागतो. पण त्वचा आणि कवटी भेदून हा प्रकाश काही सेंटिमीटरच उपयोगी पडतो. त्याहून खोलवर असलेल्या रक्ताचे काय?

आणि घाईच नसलेल्या रक्ताचे काय? मेंदूच्या आत क्वचित अशी रक्तगाठ तयार होते, जी विरघळून जाण्याऐवजी स्वतःभोवती तंतुमय कोश विणते. त्या कोशातील नव्या केशवाहिन्या कच्च्या असतात; त्या झिरपतात, फुटतात आणि गाठ आतून थोडी थोडी वाढत राहते. आठवडे, महिने, कधी वर्षे. डोकेदुखी, एखादा झटका, हळूहळू दुबळा होत जाणारा हात. सीटीवर कडेने उजळलेले वर्तुळ दिसते आणि ते अर्बुदासारखे भासते. मराठीत तर रक्ताचीही गाठ आणि कर्करोगाचीही गाठच. ‘डोक्यात गाठ आहे’ एवढे ऐकून घरातली माणसे हबकतात. कोणी तेथेच उपचारांचा नाद सोडला, तर बरा होऊ शकणारा रुग्ण आपण एका शब्दापायी गमावतो.

येथे भौतिकशास्त्र खरोखर कामाला येते. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवले की, ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन समचुंबकीय असते, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तसे नसते. साचलेल्या रक्तातील लोहाचे रूप पुढेही बदलत जाते. शेवटी ते हिमोसिडेरिन होऊन कडेला साठते आणि एमआरआयच्या ग्रेडियंट-एको किंवा एसडब्ल्यूआय प्रतिमांत काळ्याकुट्ट कड्यासारखे उमटते. आत ताजे आणि जुने रक्त शेजारी शेजारी दिसले, तर वारंवार रक्तस्राव झाल्याची ती खूण. यासाठी बहुधा नवे यंत्र लागत नाही. आहे त्याच यंत्रावर काही मिनिटांची जादा तपासणी आणि ती मागण्याइतकी शंका पुरते.

तरीही खात्री नसते, कारण अर्बुदेही रक्त सांडतात. मग उरतो जुन्या आणि नव्या प्रतिमांची तुलना करण्याचा मार्ग. सावकाश वाढणारी वस्तू एका छायाचित्रात वाढताना दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या नवख्या विद्यार्थ्यालाही हे समजते. तुलनेसाठी पहिले स्कॅन मात्र हाती असावे लागते आणि आपल्याकडे ते बहुतेकदा घडी पडलेल्या फिल्मच्या रूपात कपाटावर असते. शहर बदलले, रुग्णालय बदलले, की तपासणी पुन्हा शून्यापासून.

उपचार तुलनेने सरळ आहे, अर्थात गाठ शस्त्रक्रियेच्या आवाक्यातील जागी असेल तर. नुसते रक्त उपसून भागत नाही, कारण झिरपणारा कोश मागे उरतो. कोशासह गाठ काढावी लागते आणि तो ऊतितपासणीला पाठवावा लागतो. मुळाशी एखादी विकृत रक्तवाहिनी दडलेली असू शकते. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर त्यांचाही फेरविचार व्हायलाच हवा.

२०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन राबवले जात आहे, प्रत्येकाला आरोग्य खाते देण्याच्या घोषणा झाल्या आहेत. त्या खात्यात अहवालाच्या दोन ओळींऐवजी स्कॅनच्या मूळ प्रतिमा, दहा वर्षांनीही उघडतील अशा, ठेवायला कोणी बांधील आहे का? पुढच्या चमकदार यंत्राच्या पत्रकार परिषदेत एखाद्या वार्ताहराने हा प्रश्न विचारावा. तोवर ज्यांच्या घरी मेंदूचे स्कॅन झाले आहे, त्यांनी आजच मूळ प्रतिमांची सीडी मागून घ्यावी आणि तिच्यावर तारीख लिहून ठेवावी.