राऊटरमधला पाहुणा आणि दुकानाची किल्ली

नेट बसवायला येणारा मोहल्ल्यातला हुशार पोरगा हल्ली दुकानदाराला एक नवी गोष्ट सुचवू लागला आहे. "चाचा, वेगळा कॉम्प्युटर कशाला घेताय? या राऊटरच्या पोटातच दुसरी मशीन चालवून देतो. जाहिराती अडवील, पोरांचे नको ते उद्योग अडवील, आणि विजेचे बिलही वाढणार नाही." सूचना खोटी नाही. राऊटरच्या पोटात दुसरी मशीन चालते आणि नीट चालते. तरीही आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी होकार देण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. कारण ही मशीन एकटी बिघडत नाही, सबंध दुकानाचे नेट घेऊन बसते. आणि ती दुरुस्त करण्याची युक्ती केवळ त्या पोराच्या डोक्यात असली, तर तो फोन उचलेपर्यंत दुकान अडून राहते.

ही चीज काय आहे ते प्रथम पाहू. एका यंत्रात अनेक यंत्रे नांदवण्याची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या अवजड संगणकांसाठी ती बाजारात आणली. मूळ यंत्राला होस्ट म्हणजे यजमान आणि आतल्या यंत्राला गेस्ट म्हणजे पाहुणा, अशी नावे रूढ झाली. पाहुण्याला वाटते की घर आपलेच आहे. प्रत्यक्षात जागा, अन्न आणि दरवाजा हे तिन्ही यजमानाचे असतात. जागा म्हणजे डिस्क, अन्न म्हणजे मेमरी व प्रोसेसर, आणि दरवाजा म्हणजे नेटवर्क. पाहुण्याची बहुतेक दुखणी या तिहींपैकी एकात सापडतात.

आपल्याकडे केबलवाले आणि छोटे नेटवाले ज्यांचे राऊटर सर्रास बसवतात त्या मायक्रोटिक कंपनीचे उदाहरण घेऊ. ही कंपनी लाटविया देशातील रीगा शहरातली, १९९६ साली स्थापन झालेली. तिने २००९ च्या सुमारास आपल्या काही राऊटरांत मेटाराऊटर नावाची सोय दिली. एका राऊटरमध्ये दुसरा पूर्ण राऊटर, स्वतःच्या पासवर्डसह. अनेकांनी त्यावर आपली व्यवस्था उभी केली. पुढे राऊटरओएसची सातवी आवृत्ती आली आणि तीत मेटाराऊटर नव्हते. ज्यांचा पाहुणा जुन्या घरात राहत होता त्यांना एकतर सहाव्या आवृत्तीवर थांबावे लागले किंवा सारे नव्याने मांडावे लागले. २०२२ मध्ये कंपनीने कंटेनर ही दुसरी सोय दिली. कंटेनर हा पूर्ण स्वतंत्र पाहुणा नव्हे. तो यजमानाचाच गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो वापरतो आणि वर फक्त आपला संसार वेगळा मांडतो. म्हणून तो हलका असतो, आणि म्हणूनच तो यजमानाच्या अधिक जवळ असतो. कंपनी एक सोय देते आणि काढूनही घेते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. पण राऊटर घेताना ते विसरले जाते खरे.

खरेदीच्या वेळीच बरेचसे ठरून जाते. कंटेनर फक्त आर्म, आर्म ६४ आणि एक्स ८६ जातीच्या प्रोसेसरवर चालतो. दुकानादुकानांत दिसणारा हेक्स नावाचा छोटा राऊटर, आरबी ७५० जीआर ३, त्या जातीचा नाही. त्यात कंटेनर चालणारच नाही, कोणी कितीही खटपट करो. त्याच हेक्स नावाने २०२४ मध्ये आलेला नवा राऊटर आर्म जातीचा आहे, परंतु तो या जातीतल्या जुन्या, पाचव्या पिढीसाठी बांधलेलेच पाहुणे घेतो. पेटीवरचे नाव एकच, आतले यंत्र निराळे. हॅप एएक्स टू घ्या. त्याला एक जीबी मेमरी आहे, म्हणजे अन्न भरपूर. पण अंगची साठवण अवघी १२८ एमबी आणि यूएसबीचे भोक नाही, म्हणजे पाहुण्याला झोपायला जागा नाही. हॅप एएक्स थ्रीला यूएसबी आहे. आरबी ५००९ ला यूएसबी आहे आणि एक जीबी साठवणही. ज्याला पाहुणा ठेवायचाच आहे त्याने शेवटच्या दोहोंकडे पाहावे, आणि पाहुण्याची जागा यूएसबीला जोडलेल्या चांगल्या डिस्कवर करावी. राऊटरच्या अंगच्या साठवणीवर सारखे लिहीत राहिले की ती झिजते, आणि ती झिजली म्हणजे राऊटरच गेला. डिस्क लिनक्सच्या पद्धतीने, म्हणजे ईएक्सटी ४ मध्ये तयार केलेली हवी. घरातला जुना पेनड्राईव्ह तसाच खोचला तर पाहुणा उलगडताना अर्ध्यावर अडकतो आणि तंत्रज्ञ उगीच नेटला दोष देतो.

आता ज्या बिघाडासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येऊ. समजा, मालेगावात किंवा भिवंडीत लूमच्या कारखान्याला लागून हिशेबाची खोली आहे. दोन कॉम्प्युटर, कार्ड घासण्याची मशीन, चार मोबाईल. राऊटरमध्ये पाय-होल नावाचा फुकट मिळणारा पाहुणा ठेवलेला आहे. त्याचे काम असे की कोणत्याही संकेतस्थळाचे नाव विचारले की तो त्याचा अंकातला पत्ता सांगतो, आणि जाहिरातींची नावे विचारली की गप्प बसतो. या सेवेला डीएनएस म्हणतात. सहा महिने सुरळीत चालले. एके दिवशी लाईट गेली, तासाने आली. राऊटरचे दिवे लागले, केबलवाल्याकडून लाईन चालू आहे, वायफायची रेंज भरलेली आहे, आणि तरी काहीच उघडत नाही. मालक केबलवाल्याला फोन करतो. तो म्हणतो, आमच्याकडून चालू आहे. तो खरे बोलत असतो आणि मालकाला ते खोटे वाटते. येथूनच भांडणे सुरू होतात.

झालेले एवढेच असते की यजमान उठला आणि पाहुणा झोपूनच राहिला. कंटेनरला राऊटर सुरू होताच आपोआप उठवण्याची खूण वेगळी करावी लागते. ती केली नसेल तर पहिल्या दिवशी हाताने सुरू केलेला पाहुणा लाईट जाईपर्यंत चालतो आणि नंतर कधीच उठत नाही. दुकानातल्या सर्व यंत्रांना मात्र सांगून ठेवलेले असते की नावाचा पत्ता फक्त पाहुण्याला विचारा. विचारायचे ज्याला तोच झोपला, मग सारे बाहेर उभे.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे आणि मुनीमजीसुद्धा करू शकतात. कॉम्प्युटरवरून ८.८.८.८ या अंकी पत्त्याला पिंग करून पाहावे. उत्तर आले आणि नावाने मात्र काही उघडत नसेल, तर लाईन ठीक आहे, दुखणे डीएनएसमध्ये आहे. मग राऊटरच्या कंटेनरच्या यादीत पाहावे की पाहुणा चालू आहे की थांबलेला. थांबलेला असेल तर सुरू करावा, आणि आपोआप उठण्याची खूण त्याच वेळी करावी, उद्यावर टाकू नये.

एवढ्याने भागते काय? आमच्या मते नाही. लाईट गेल्यावर छोट्या राऊटरचे घड्याळ मागे राहते, कारण बहुतेकांत घड्याळासाठी बॅटरी नसते. घड्याळ लावण्यासाठी राऊटर बाहेरच्या वेळ सांगणाऱ्या सेवेला विचारतो. तिचे नाव दिलेले असेल तर आधी त्या नावाचा पत्ता हवा, आणि पत्ता सांगणारा पाहुणा कडक तपासणीवर ठेवलेला असेल तर चुकीच्या वेळेमुळे त्याला बाहेरची उत्तरे खोटी वाटतात. वेळ मिळत नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून वेळ नाही. म्हणून राऊटरने स्वतःसाठी पाहुण्यावर कधीही अवलंबून राहू नये. राऊटरचा स्वतःचा डीएनएस बाहेरचा असावा, आणि दुकानातल्या यंत्रांना पाहुण्यासोबत राऊटरचाही पत्ता दुसरा म्हणून द्यावा. यात एखादी जाहिरात निसटेल, कारण मोबाईल व कॉम्प्युटर मनात येईल तेव्हा दुसऱ्याकडे विचारतात. निसटू द्या. गिऱ्हाईक कार्ड घेऊन उभे असताना जाहिरात अडवण्याला काही किंमत नसते. ज्याला तेही चालत नसेल त्याने राऊटरमधील नेटवॉच ही सोय लावावी. ती पाहुण्याला दर थोड्या वेळाने हाक मारते आणि उत्तर न आल्यास ठरवून दिलेला बदल करते.

बाकीची दुखणी थोडक्यात. पाहुणा उठतो आणि लगेच पडतो: बहुधा तो दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला आहे, किंवा त्याच्या डिस्कचे नाव बदलले आहे आणि त्याला आपले घर सापडत नाही. पाहुणा चालू आहे पण बाहेर जाऊ शकत नाही: त्याच्या आभासी तारेचा, म्हणजे व्हीईटीएचचा, पत्ता आणि यजमानाच्या ब्रिजचा पत्ता एकाच पेठेतले हवेत. पाहुणा १७२.१७.०.२ असेल आणि ब्रिज १७२.१७.०.१, तर पाहुण्याचा गेटवेही तोच शेवटी एक असलेला पत्ता असला पाहिजे. आणि त्या पेठेसाठी मास्करेडचा नियम फायरवॉलमध्ये हवा. राऊटर अधूनमधून स्वतःच बंद होऊन सुरू होतो: पाहुणा मेमरी खातो आहे. मेमरीची मर्यादा घालता येते, परंतु ती सौम्य मर्यादा आहे, पाहुण्याला मंद करते, दारातून हाकलत नाही. म्हणून एका राऊटरमध्ये एक पाहुणा, एक काम. कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग राऊटरच्या पोटात घालू पाहणाऱ्याला आम्ही नमस्कार करून वाटेला लावू. आणि काहीही न कळल्यास कंटेनरची नोंदवही, म्हणजे लॉगिंग, चालू करून ती वाचावी. तीत पाहुणा स्वतःच सांगतो की त्याला काय होते आहे. अंदाजाने तीन वेळा राऊटर पुन्हा मांडणाऱ्यापेक्षा एकदा नोंदवही वाचणारा तंत्रज्ञ शहाणा.

आता किल्लीविषयी. मायक्रोटिकने कंटेनर देताना एक अट घातली, ती आम्हांस फार आवडली. ही सोय दुरून चालू करता येत नाही. आज्ञा दिल्यावर पाच मिनिटांच्या आत कोणीतरी राऊटरजवळ उभे राहून त्याचे बटण दाबावे लागते किंवा वीज काढून पुन्हा द्यावी लागते. जो डब्याजवळ उभा आहे तोच पाहुण्याला घरात घेईल, असा त्याचा अर्थ. कारण साधे आहे. २०१८ साली याच राऊटरांच्या विनबॉक्स या व्यवस्थापनाच्या साधनात एक भोक सापडले. दुरुस्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली, पण ती लोकांनी लावली नाही, आणि काही महिन्यांत ब्राझीलपासून सुरुवात होऊन लाखाहून अधिक राऊटर चोरट्यांच्या ताब्यात गेले. वापरणाऱ्यांच्या कॉम्प्युटरांवर गुपचूप आभासी नाणी पाडून घेण्याचा धंदा त्यांतून चालला. चोर शिरलाच तर त्याला राऊटरमध्ये आपला पाहुणा बसवता येऊ नये, म्हणून हे बटण.

तेव्हा ते बटण मालकाने स्वतः दाबावे आणि त्यानंतर सारी माहिती मालकाकडे राहावी. येथे आमचे म्हणणे काही तंत्रज्ञ पोरांना आवडणार नाही. राऊटरचा मुख्य पासवर्ड स्वतःजवळ ठेवून "काही झाले तर मला फोन करा" म्हणणे ही कारागिरी नव्हे. कुलूप बसवणारा कारागीर सगळ्या किल्ल्या घरधन्याच्या हातात देऊन जातो, आणि तरी त्याला पुन्हा बोलावणे येते, कारण त्याचे काम चांगले असते. उलट मालकांनाही ऐकवावेसे वाटते. या कामाला डोके लागते, वेळ लागतो. डब्याची किंमत बिनतक्रार मोजायची आणि मांडणीच्या मजुरीवर मात्र घासाघीस करायची, ही रीत सोडा. मजुरी पुरी द्या, आणि तिच्या बदल्यात एक कागद मागा. त्यावर राऊटरचा व पाहुण्याचा पत्ता, दोघांचे पासवर्ड, पाहुण्याचे नाव व तो कोठून आणला, डिस्कवरील त्याची जागा, आणि नियम कोणते घातले, हे हाताने लिहिलेले असावे. राऊटरच्या मांडणीची प्रतही घ्यावी. पण लक्षात असू द्या की एक्सपोर्ट करून काढलेल्या प्रतीत पाहुण्याची डिस्कवरील सामग्री येत नाही आणि राऊटरचे पासवर्डही येत नाहीत. म्हणून डिस्कवरील माहितीची प्रत वेगळी आणि कागद वेगळा.

पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. तंत्रज्ञाला चहा द्या, समोर बसवा, आणि दुकानाचा मेन स्विच बंद करा. दहा मिनिटांनी चालू करा. कोणी कशाला हात न लावता कार्डाची मशीन, दोन्ही कॉम्प्युटर आणि मोबाईल चालू झाले तर ठीक. मग राऊटरमध्ये जाऊन पाहुणा मुद्दाम थांबवा आणि पुन्हा पाहा. तेव्हाही गिऱ्हाईकाचे बिल निघत असेल, तर त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवा.