पुरस्कार कुणाच्या खात्यावर?

अभिनयाचा पुरस्कार नटाला मिळतो, टाळ्या त्याला मिळतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही त्याचेच येते. यात वावगे काहीच नाही. पण एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली चौदा वेळा ऑस्करविजेता अभिनय घडतो, तेव्हा ही रक्कम नेमकी कुणाच्या खात्यावर जमा करायची, हा प्रश्न खतावण्यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला पडल्यावाचून राहत नाही.

हा दिग्दर्शक म्हणजे विल्यम वायलर. १९०२ साली अल्सासमध्ये जन्मलेला, नातलगाचा हात धरून हॉलिवूडला आलेला. त्याच्या चित्रपटांतल्या अभिनयाला ३६ नामांकने आणि १४ ऑस्कर मिळाली. पहिले १९३६ च्या ‘कम अँड गेट इट’साठी वॉल्टर ब्रेननला (हिशेब चोख ठेवायचा तर यातले निम्मे हॉवर्ड हॉक्सचे, कारण तो चित्रपट दोघांच्या नावावर आहे) आणि शेवटचे १९६८ च्या ‘फनी गर्ल’साठी बार्बरा स्ट्रायसँडला. ‘रोमन हॉलिडे’ची ऑड्री हेपबर्न आणि ‘बेन-हर’चा चार्लटन हेस्टन आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही चांगले ठाऊक आहेत. दुसऱ्या क्रमांकावरचा एलिया कझान नऊवर थांबला. कझान तर नटांचा गुरू, ब्रँडोला घडवणारा. वायलरने कुणाला काही शिकवल्याचे मात्र ऐकिवात नाही.

तो फक्त ‘पुन्हा’ म्हणे. चाळीस टेकवाला वायलर, काहींच्या मते नव्वद टेकवाला. ‘बेन-हर’च्या वेळी त्याने हेस्टनला बाजूला घेऊन सांगितले, की तुझे काम आणखी चांगले व्हायला हवे. म्हणजे नेमके काय करू, असे हेस्टनने विचारले. तेव्हा ते मलाच ठाऊक नाही, असते तर सांगितले असते, एवढे बोलून स्वारी निघून गेली. हेस्टननेच हा किस्सा लिहून ठेवला आहे. आमच्या बँकेत असे एक वरिष्ठ होते. कर्जप्रस्तावाची टिपणी ते एकही शेरा न मारता परत पाठवीत. चौथ्या वेळी ती खरोखरच सुधारलेली असे, हे कबूल करायला हवे. पण मधल्या तीन वेळी मनात काय येई, ते इथे छापण्याजोगे नाही.

‘द एअरेस’मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलँडला प्रियकराने फसवल्यावर बॅग घेऊन जिना चढायचा होता. टेकमागून टेक झाले. अखेर तिने वैतागून बॅग फेकली, तेव्हा ती रिकामी आहे हे वायलरच्या ध्यानात आले. त्याने तिच्यात जड सामान भरायला लावले आणि मग तो जिना त्याला हवा तसा चढला गेला, असे सांगतात. या गोष्टीतला छळ लोकांना आवडतो. मला त्यात महत्त्वाची वाटते ती बॅग. भग्न मनाचा अभिनय कर, असे त्याने तिला सांगितले नाही. हातात वजन दिले.

याची दुसरी बाजू तंत्राची आहे. ग्रेग टोलँड या छायाचित्रकाराच्या साथीने वायलरने जवळचे आणि दूरचे एकाच चौकटीत स्वच्छ दिसेल अशी दृश्ये रचली, तीही लांबलचक. तुकडे जोडून संकलकाच्या टेबलावर अभिनय तयार करण्याची सोयच त्यात उरत नाही; नटाला दृश्य सलग तोलावे लागते. ‘द लिटल फॉक्सेस’मध्ये हृदयविकाराचा झटका आलेला नवरा औषधासाठी मागच्या जिन्याकडे धडपडतो आणि बेटी डेव्हिस समोर निश्चल बसून राहते. इथे मात्र वायलर मुद्दाम नवऱ्याला धूसर ठेवतो आणि आपल्याला फक्त तिचा चेहरा पाहायला लावतो. ती काहीही करत नाही, आणि तेच भयंकर आहे. ‘जेझेबेल’साठी त्याच्याच हाताखाली तिला ऑस्कर मिळाले होते, या भूमिकेला नामांकनावर समाधान मानावे लागले. चित्रीकरणात दोघांचे इतके बिनसले, की पुन्हा त्यांनी एकत्र काम केले नाही.

हॅरॉल्ड रसेल तर नटही नव्हता. १९४४ मध्ये लष्करी प्रशिक्षणात स्फोट होऊन त्याचे दोन्ही हात गेले. ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’मध्ये वायलरने त्याला हात गमावलेल्या खलाशाची भूमिका दिली. निर्मात्याने त्याला अभिनयाच्या शिकवणीला धाडल्याचे कळताच वायलरने ती बंद करवली. स्वतः वायलरही त्याच युद्धात एका कानाने अधू होऊन परतला होता. रात्री हातांचे आकडे उतरवल्यावर आपण किती परावलंबी होतो, हे तो खलाशी आपल्या वाग्दत्त वधूला दाखवतो. त्या दृश्यात करुणेची भीक कुठेही नाही. या एका भूमिकेसाठी रसेलला दोन ऑस्कर मिळाली, एक अभिनयाचे आणि एक विशेष.

अर्थात हा आकडा म्हणजे थोरवीचे माप नव्हे. हिचकॉकच्या चित्रपटांतून अभिनयाचे ऑस्कर एकदाच आले, ‘सस्पिशन’साठी जोन फाँटेनला. म्हणून हिचकॉक लहान ठरत नाही. शिवाय पुरस्कार पुष्कळदा भूमिकेला मिळतो, आणि वायलरची निवड पक्की होती: हेन्री जेम्सची कादंबरी, लिलियन हेलमनचे नाटक. लेखकाच्या खात्यावर या व्यवहाराची नोंद कुणी करत नाही, हे एक कादंबरीकार म्हणून जाता जाता सांगून ठेवतो.

आपल्याकडे श्याम बेनेगलांचा मार्ग वेगळा होता. ‘अंकुर’ने १९७४ चे अभिनयाचे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार आणले, शबाना आझमी आणि साधू मेहेर यांचे. मग हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरच्या ‘भूमिका’साठी स्मिता पाटील, ‘आरोहण’साठी ओम पुरी, ‘मम्मो’साठी सुरेखा सिक्री. स्मिता तर दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होती. चाळीस टेक घेण्याइतकी फिल्म बेनेगलांना परवडणारी नव्हती. तीच तीच नटमंडळी पुन्हा घ्यायची आणि एकाची भूमिका दुसऱ्याच्या आधाराने उभी करायची, ही त्यांची रीत. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत नटांचीच नावे अधिक होती.

आजच्या दैनंदिन मालिकांत संवादाचा कागद तासभर आधी हाती पडतो आणि पहिलाच टेक पास होतो. रंगभूमीवरून आलेली गुणी मुले वर्षानुवर्षे त्याच दोन हावभावांवर निभावून नेतात. त्यांच्यावर ओरडणारे पुष्कळ आहेत. ‘पुन्हा’ म्हणायला कुणाला सवड नाही.

लॉरेन्स ऑलिव्हिए ‘वदरिंग हाइट्स’साठी आला, तो सिनेमाला तुच्छ लेखणारा नाटकवाला म्हणून. वायलरने त्याचा नाटकीपणा टेकमागून टेक झिजवला. आपल्याला सिनेमा वायलरने शिकवला, असे ऑलिव्हिए पुढे सांगत असे. ‘हेन्री द फिफ्थ’चे दिग्दर्शन त्याने आधी वायलरलाच देऊ केले होते, वायलरने नकार दिला, तेव्हा त्याने ते स्वतः केले. मग १९४८ च्या ‘हॅम्लेट’साठी त्याला अभिनयाचे ऑस्कर मिळाले. ते वायलरच्या चौदांत धरत नाहीत.