शनिवार तेल्यांचा दीपोत्सव

दिवाळीचे आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले, की वर्षाचे दिवे संपले असे आपण धरून चालतो. परंतु मराठी बोलणाऱ्या काही घरांत दिव्यांची पाळी त्यानंतर येते. कार्तिक वा मार्गशीर्ष वद्याच्या दशमी-एकादशीच्या सुमारास तेथे एका संध्याकाळी एक दिवा लागतो, दुसऱ्या संध्याकाळी दोन, आणि असे चढत चढत आठव्या संध्याकाळी आठ. मध्ये अमावास्या येऊन जाते. हा बेने इस्रायल समाजाचा हनुक्का होय. हा सण पाळणाऱ्यांची आडनावे केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर अशी आहेत, एवढे सांगितले म्हणजे ही मंडळी परकी नव्हेत, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

ह्या सणाला ‘ज्यूंची दिवाळी’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आपुलकीची असली तरी अपुरी आहे. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास अँटायोकस चौथा ह्या ग्रीक वंशाच्या राजाने यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता बंद करण्याचा हुकूम दिला व यरुशलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली. मोदीन गावच्या मत्तथ्या नावाच्या वृद्ध पुरोहिताने व त्याच्या मुलांनी बंड पुकारले. त्यांपैकी यहूदा मक्काबी ह्याने इसवी सनापूर्वी १६४ मध्ये मंदिर परत घेऊन शुद्ध केले. मुख्य याजकाच्या मोहरेचे तेलाचे एकच बुधले तेथे सापडले. ते एका दिवसापुरते असून आठ दिवस पुरले, अशी तालमुदातील कथा आहे. म्हणून हे दिवे दाराशी वा खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे लावतात. त्यांच्या उजेडात वाचायचे नाही की निवडटिपण करायचे नाही. त्यासाठी ‘शमाश’ म्हणजे सेवक नावाचा वेगळा दिवा असतो. दिवे जळत असेपर्यंत घरच्या बायकांनी कामाला हात लावू नये, असाही रिवाज आहे. घर उजळण्यासाठी हे दिवे नाहीत. आपली उपासना आम्ही सोडली नाही, एवढेच ते सांगतात.

आता ह्यातील नवलाची गोष्ट पाहा. कोकणातील बेने इस्रायलांचा परंपरागत धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी साऱ्या गावाच्या दिव्यांना तेल पुरविले. आणि तेलाचा हा सण मात्र त्यांनाच ठाऊक नव्हता! नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ बुडाले, अशी त्यांची परंपरा सांगते. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना त्यांनी जपली. सणांना त्यांनी अस्सल मराठी नावे दिली : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. ह्या यादीत हनुक्का नाही. आपले पूर्वज मक्काबींच्या विजयापूर्वीच मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत, असे अनुमान त्यांचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात काढले. आगमनाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण सण ठाऊक नव्हता ह्याविषयी नाहीत.

मग तो आला कसा? शिकून आला. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १९ व्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. विस्मरणात गेलेले आणि कधी माहीतच नसलेले, दोन्ही ह्या मंडळींनी पोथी उघडून आत्मसात केले. आणि आत्मसात केले म्हणजे खरोखर आपले केले. भिंतीवर टांगलेल्या लाकडी फळीवर काचेचे पेले, त्यांत कोकणातले खोबरेल आणि वर तरंगती वात, असा त्यांचा हनुक्काचा दिवा झाला. तेलाच्या आठवणीसाठी तळलेले खायचे, ही चाल जगभरच्या यहुद्यांत आहे. युरोपात त्यासाठी बटाट्याच्या धिरड्यासारखे पदार्थ होतात, इस्रायलात मुरंबा भरलेले गोल वडे. ज्या मराठी स्वयंपाकघरात करंजी, पुरी आणि वडे पूर्वीपासून आहेत, तेथे कढई चढविण्यासाठी कोणाकडून धडे घ्यावे लागले नसतील.

आम्ही हे सांगतो त्याला कारण आहे. बडोद्यासारख्या शहरातील आपल्या जुन्या मराठी घरांत एक तक्रार नित्य ऐकू येते : आजोबांबरोबर सारे गेले, मुलांना मराठी वाचता येत नाही, आता काय उरले? जे वारशाने आले नाही ते कायमचे गेले, असे गृहीत धरून आपण हातपाय गाळतो. शनिवार तेल्यांचा दाखला ह्याच्या उलट आहे. हनुक्का त्यांना आजोबांकडून मिळाला नव्हता. तरी आज तो त्यांचाच आहे. उशिरा शिकलेले हे उसने नसते. रोज संध्याकाळी एक दिवा वाढवीत गेले म्हणजे ते घरचे होते.

त्या समाजाची आजची स्थिती मात्र चिंता वाटावी अशी आहे. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालविले, हे आपल्याला लाजविणारे आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पण कोकणातील कित्येक प्रार्थनामंदिरांत सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमणे कठीण झाले आहे. आपल्या जवळच्या अहमदाबादेत १९३४ चे मागेन अब्राहम प्रार्थनामंदिर आहे. कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड ह्याच समाजाचे. तेथेही आता थोडीच कुटुंबे आहेत.

दुसऱ्याचा सण आपण साजरा करावा, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या ग्रंथालयांतील जुन्या कपाटांत राजपूरकरांच्या काळची मराठी प्रार्थनापुस्तके, बेने इस्रायलांची कीर्तने असतील तर ती शोधून त्यांची बांधणी नीट करून घेणे, हे आपले काम आहे. कारण ती भाषा आपली आहे. आणि ह्या हिवाळ्यात एखाद्या खिडकीत खोबरेलाचे दिवे ओळीने दिसले, तर मुलाबाळांना थांबवून सांगावे : ही आपल्याच बोलीची माणसे आहेत, आणि हा सण ती शिकून आपला करून बसली आहेत.