चित्रासाठी मूठभर माती घ्यायची, तर विचारायचं कुणाला? ऑस्ट्रेलियातल्या यिरकलाची गोष्ट

मातीपासून रंग बनवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. डोंगरातून लाल ढेकूळ आणायचं, कुटायचं, चाळायचं, डिंकात कालवायचं की झाला रंग. पण हेच ढेकूळ ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या जमिनीवरचं असेल, तर प्रश्न एवढा साधा राहत नाही.

का, ते कळण्यासाठी कॅनबेराच्या संसद भवनात जावं लागेल. तिथे झाडाच्या सालीवर चिकटवलेले टाइप केलेले कागद जपून ठेवले आहेत. कागदाभोवती मातीच्या रंगांनी काढलेली चित्रं आहेत. दिसायला कलाकृती, पण प्रत्यक्षात हा सरकारकडे केलेला अर्ज आहे.

1963 मध्ये काय झालं होतं?

देशाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा प्रदेश आहे. तिथल्या यिरकला गावाजवळची 300 चौरस किलोमीटरहून जास्त जमीन सरकारनं बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळी काढली. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या योलंगू लोकांना कुणी विचारलं नाही.

त्यांनी ऑगस्ट 1963 मध्ये संसदेला अर्ज पाठवला, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत. भोवतीची नक्षी शोभेसाठी नव्हती. योलंगू समाजात प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली असते आणि ती ठरावीक जमिनीशी बांधलेली असते. दुसऱ्याची नक्षी काढता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी अर्जाला सातबारा जोडला होता, फक्त तो मातीनं रंगवलेला होता.

संसदेनं समिती नेमली, समितीनं भरपाईची शिफारसही केली. खाण मात्र झालीच. योलंगू कोर्टात गेले. 1971 मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की यांच्याकडे स्वतःची कायदेव्यवस्था आहे, पण जमिनीवरचा मालकी हक्क मान्य केला नाही. या पराभवातूनच पुढे चौकशी आयोग आला आणि 1976 चा नॉर्दर्न टेरिटरीचा आदिवासी जमीन हक्क कायदा झाला.

मग चित्रकारानं काय करायचं?

यिरकलाच्या कला केंद्राची भूमिका सरळ आहे: जमिनीचं चित्र काढायचं, तर सामानही त्याच जमिनीवरचं हवं. पावसाळ्यात निलगिरीच्या एका जातीची साल सोलतात, आगीवर धरून सपाट करतात. लाल-पिवळा रंग लोहयुक्त मातीचा, म्हणजे आपल्याकडच्या गेरूचाच भाऊबंद. पांढऱ्या मातीला तिथे 'गापान' म्हणतात. बारीक रेघा ओढायचा कुंचला माणसाच्या केसांचा. चिकटपणासाठी पूर्वी ऑर्किडचा रस वापरत, आता दुकानातला गोंद चालतो. यावर नाक मुरडणारे भेटतात, पण योलंगूंना त्यात अडचण वाटत नाही. त्यांच्यासाठी महत्त्व रंगाचं आहे.

बाहेरच्या कलाकाराला आर्नहेम लँडमध्ये शिरायलाच परवाना लागतो. पण खरा प्रश्न परवान्यानंतर येतो. कुठे खणायचं हे कोण सांगणार? चित्राखाली नाव कुणाचं? पैसे कुणाला?

यावर कायदा अर्धवट आहे. यिरकलाच्या बांडुक मारिका आणि इतर आदिवासी कलाकारांची चित्रं न विचारता व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणली गेली, तेव्हा 1994 मध्ये कोर्टानं सुमारे 1 लाख 88 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई दिली. तिथे नक्कल दाखवता आली. पण कुणी माती नेली, रंग करायची पद्धत शिकला आणि स्वतःचं वेगळंच चित्र काढलं, तर कॉपीराइट फारसा उपयोगी पडत नाही. अशा पारंपरिक ज्ञानासाठी स्वतंत्र कायदा करण्याचं आश्वासन तिथल्या सरकारनं 2023 च्या सांस्कृतिक धोरणात दिलं आहे. तोवर सगळं माणसांच्या सचोटीवर.

चांगली उदाहरणंही आहेत. योलंगू चित्रकार मुल्कुन विर्पांडा आणि इंग्लंडमध्ये जन्मलेले जॉन वोल्सली यांनी वर्षानुवर्षं एकत्र फिरून तिथल्या खाण्याच्या वनस्पती चितारल्या. मुल्कुन यांनी सालीवर मातीच्या रंगांत, वोल्सलींनी कागदावर. 2017 मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात दोघांची चित्रं दोघांच्या नावानं लागली.

ताजी घडामोड काय?

तीच खाण, तीच जमीन. गुमाच कुळाचे नेते युनुपिंगू यांनी 2019 मध्ये भरपाईचा दावा केला. 2023 मध्ये ते वारले. 12 मार्च 2025 रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, केंद्र सरकारचं अपील फेटाळलं. आदिवासींचा जमिनीवरचा हक्क काढून घेणं हे मालमत्ता घेणंच आहे आणि त्याला राज्यघटनेतली न्याय्य मोबदल्याची अट लागू होते, असा निकालाचा अर्थ. रक्कम किती, हे या निकालानं ठरवलेलं नाही.

यिरकला केंद्राच्या नियमाचाही मध्यंतरी कस लागला. गुन्यबी गानांबार या कलाकारानं खाणीत टाकून दिलेले रबरी पट्टे आणि पत्रे उचलून त्यांवर कुळाची नक्षी कोरायला सुरुवात केली. हेही आमच्या जमिनीवरच सापडलं, असा युक्तिवाद होता. ज्येष्ठांनी तो मान्य केला. 2018 मध्ये देशातला मानाचा आदिवासी कला पुरस्कार त्याच्या ज्या कामाला मिळाला, ते ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोरलेलं आहे. आणि ॲल्युमिनियम बनतं बॉक्साइटपासून.