भूकंपाची तारीख कोण सांगणार?

१७ फेब्रुवारी २०२५. पहाटेचे ५ वाजून ३६ मिनिटे झाली होती. दिल्ली अजून अंथरुणात होती. एकाएकी जमिनीतून मोठा आवाज आला, तावदाने खडखडली, पंखे झुलले आणि काही सेकंदांत सारे शांत झाले. भूकंपाची तीव्रता ४ इतकीच होती. पण त्याचे केंद्र शहरातच, धौला कुआँजवळ, जमिनीखाली अवघ्या ५ किलोमीटरवर होते. म्हणून हादरा लहान असूनही तो थेट उशाशी येऊन गेला.

धौला कुआँपासून कस्तुरबा गांधी मार्ग फार लांब नाही. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा हा रस्ता एकेकाळी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. आज त्याच्या दुतर्फा बहुमजली कार्यालये आहेत आणि याच रस्त्यावर नवे महाराष्ट्र सदनही आहे. मंत्रालयातल्या कामासाठी किंवा मुलाच्या मुलाखतीसाठी आलेली मराठी माणसे येथे उतरतात. लातूर-धाराशिवकडचा कोणी पाहुणा अशा पहाटे दचकून उठला, तर त्याला दिल्ली सुचणारच नाही. त्याला आठवेल ती ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. तेव्हा घड्याळात ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती.

अशा हादऱ्यानंतर घरोघरी एकच प्रश्न असतो : आता मोठा येणार का? उत्तर देणाऱ्यांची वाण नसते. तासाभरात मोबाइलवर ‘आज रात्री दोन वाजता’ असा निरोप फिरू लागतो. कोणी ग्रहांची युती काढून दाखवतो. घरातले एखादे वडीलधारे मात्र धीर देतात, “बरे झाले, छोटा येऊन गेला. जमिनीतला दाब सुटला. आता मोठा येत नाही.”

यांपैकी एकाचेही उत्तर बरोबर नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची खात्रीची पद्धत जगात कोणाकडेही नाही. मग शास्त्र काय करते? ते मोजते.

विम्याचे गणित

कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसला मिळतो, तेथून जवळच आयुर्विमा महामंडळाची ‘जीवन भारती’ ही इमारत आहे. पस्तिशीतले अमुक गृहस्थ केव्हा जातील, हे विमा उतरवणाऱ्याला ठाऊक नसते. परंतु पस्तिशीतल्या लाखभर माणसांपैकी वर्षभरात साधारण किती जातील, हे जुन्या नोंदींवरून त्याला नीट ठाऊक असते. तेवढ्यावर हप्ता ठरतो आणि कारभार चालतो.

भूकंपाचा हिशेब याच जातीचा आहे. अमेरिकेतील बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये भूकंपाच्या नोंदी तपासून एक साधा नियम मांडला. तीव्रता एका अंकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहा पटीने घटते. म्हणजे एखाद्या प्रदेशात ७ तीव्रतेचा एक भूकंप होतो, तेव्हा ६ चे सुमारे दहा, ५ चे शंभर आणि ४ चे हजार होतात. लहान भूकंप मोजत गेले की मोठ्याचे प्रमाणही अंदाजता येते, ते असे.

‘दाब सुटला’ या समजुतीचीही याच नियमाने परीक्षा घेता येते. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. तेव्हा ७ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा सुटायला ४ तीव्रतेचे सुमारे ३२ हजार भूकंप लागतील. प्रत्यक्षात होतात हजारच. रुपयाचे देणे आणि फेडले तीन पैसे! दिल्लीकरांनी त्याच वर्षी हे अनुभवलेही. १० जुलै २०२५ रोजी शेजारच्या झज्जरला केंद्र असलेला ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि राजधानी पुन्हा हलली.

४७५ वर्षे म्हणजे किती?

अनेक देशांत इमारतींसाठी एक माप वापरतात : ५० वर्षांत ज्याची शक्यता १० टक्के आहे, असा हादरा इमारतीने सोसला पाहिजे. हिशेब केला तर असा हादरा सरासरी ४७५ वर्षांतून एकदा येतो. हा आकडा ऐकला की माणूस निर्धास्त होतो. ४७५ वर्षे! कोण बघायला राहणार?

इथेच गफलत होते. सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ याचा अर्थ आज आला, आता शंभर वर्षे सुट्टी, असा नसतो. दरवर्षी त्याची शक्यता शंभरात एक असते, एवढाच त्याचा अर्थ. नदीकाठी घर बांधून जो तीस वर्षे राहील, त्याला असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. घराचे कर्ज फिटेपर्यंत चारांतून एकाला पूर! असे सांगितले की तोच आकडा वेगळा वाटतो.

ज्वालामुखीच्या बाबतीत थोडी सोय आहे. तो बहुधा जागा होण्याआधी कुरकुरतो. लहान भूकंप वाढतात, वायू निघतात, डोंगर फुगतो. फिलिपिन्समधील पिनातुबो १९९१ मध्ये असाच कुरकुरू लागला. शास्त्रज्ञांनी धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या आणि १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो लोकांना हलवले. त्यामुळे हजारोंचे प्राण वाचले. त्याच वर्षी आपल्या अंदमानजवळचा बॅरन बेटावरचा ज्वालामुखीही दीड शतकाहून अधिक काळच्या झोपेतून उठला. ते बेट निर्मनुष्य आहे, हे आपले नशीब. भूकंप मात्र अशी भरवशाची चाहूल देत नाही.

किल्लारीने शिकवले ते

नोंदींवर सारा हिशेब, म्हणून नोंदीच अपुऱ्या असल्या तर? दिल्ली राजधानी होती. येथे लिहिणारे होते. १७२० च्या भूकंपाची हकिगत मोगल तवारिखांत आहे. १ सप्टेंबर १८०३ च्या भूकंपात कुतुबमिनारचा कळस कोसळला, त्याचीही नोंद आहे. अशा नोंदी आणि हिमालयाचे सान्निध्य पाहून २००२ च्या राष्ट्रीय नकाशात दिल्लीला चौथ्या, म्हणजे पाचव्याच्या खालोखाल धोक्याच्या विभागात ठेवले गेले.

किल्लारीला लिहिणारे नव्हते. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे अचल, अशी सर्वांचीच समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तिला तडा गेला होता; पण त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी लावला गेला. १९९३ मध्ये प्रचलित असलेल्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली आणि ६.२ तीव्रतेच्या हादऱ्याने सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्या विभागात गेला. ‘नोंद नाही’ आणि ‘धोका नाही’ यांत किती अंतर आहे, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन जाणले.

आणखी एक गोष्ट. किल्लारी परिसरात १९९२ मध्येच हादरे बसू लागले होते. मग ती सूचना नव्हती काय? उत्तर अवघड आहे. कॅलिफोर्नियातल्या नोंदी सांगतात की साधारण वीस भूकंपांपैकी एखाद्यापाठोपाठच काही दिवसांत त्याहून मोठा येतो. एकोणीस वेळा काहीच होत नाही. प्रत्येक वेळी गावे रिकामी करता येत नाहीत आणि ‘काही होणार नाही’ असेही म्हणता येत नाही. इटलीतील लाक्विला येथे असेच हादरे बसत होते. लोकांना दिलासा दिला गेला आणि ६ एप्रिल २००९ रोजी आलेल्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे दगावली. तेथील सहा शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. जग तेव्हा दोन गटांत वाटले गेले. परंतु खोटा धीर हाही खोट्या भीतीइतकाच घातक, हे दोन्ही गटांना पटले.

मग उपयोग काय?

तारीख कळत नसेल तर या टक्केवारीचे करायचे काय? तिचा उपयोग घर बांधताना होतो. किल्लारीत माणसे मारली ती भूकंपापेक्षा घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर झोपलेल्यांवर आले. तारीख कळली असती तर माणसे एक रात्र बाहेर झोपली असती. भिंती भक्कम असत्या तर कोणत्याही रात्री वाचली असती.

दिल्लीचाही प्रश्न हाच आहे. २०१६ मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने दिल्लीचा सूक्ष्म नकाशा प्रसिद्ध केला. रिजच्या खडकावरची जमीन एका तऱ्हेने हलते, यमुनेच्या गाळावरची दुसऱ्या. दूर हिमालयातून येणाऱ्या संथ लाटा उंच इमारतींना अधिक झुलवतात. कस्तुरबा गांधी मार्गावर वरच्या मजल्यांवर काम करणाऱ्यांना २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपाची आठवण सांगायला नको.

घर दिल्लीत असो वा लातुरात, काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. घर घेताना फरशी आणि स्वयंपाकघराचा ओटा पाहतो, तसा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखलाही मागावा. इमारत जुनी असेल तर सोसायटीच्या सभेत तपासणीचा विषय काढावा. खाली नुसते खांब आणि मोटारी, वर चार मजले, अशी रचना असेल तर तो विषय आधी. कपाटे भिंतीला पक्की करावीत, पलंगाच्या डोक्यावरच्या फळीवर जड डबे ठेवू नयेत. हादरा बसला की भक्कम टेबलाखाली शिरावे, हे मुलांना एकदा करून दाखवावे.

आज रात्री दोन वाजता काय होईल, हे कोणीही सांगू शकत नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांत काय होऊ शकते, हे बऱ्यापैकी सांगता येते. घर बांधणाऱ्याला तेवढे पुरते. घरे तशीही पन्नास वर्षांसाठीच बांधायची असतात.