तिजोरीची तूट आणि आपलं ताट



आपल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला महापंगत बसते. ट्रॅक्टरने पुरी-भाजी येते, ओळीत बसलेल्या हरेकाच्या ताटात पडते. सरकारी तिजोरीच्या पंगतीची रीत न्यारी. तिथं पहिलं ताट सावकाराचं. आपली ओळ शेवटची. अन् आपल्यापाशी आला की वाढपी म्हणतो, "तूट आहे."

ही तूट काय भानगड आहे? पांढरपेशा पंडितांवर सोडू नका. आपणच हिशेब मांडू.

महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट धरली 45,891 कोटी. म्हणजे रोजचा खर्च भागवायलाच कमाई पुरत नाही. एकूण उसनवारी, म्हणजे राजकोषीय तूट, 1 लाख 36 हजार कोटींच्या घरात. कर्जाचा डोंगर त्या साली 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल, हा अंदाजही सरकारचाच होता.

कर्ज काढणं पाप नाही. विहिरीसाठी काढलेलं कर्ज पाणी देतं, तेरवीसाठी काढलेलं नुसतं व्याज मागतं. 1972 च्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी खडी फोडली. त्या रोजगार हमीतून रस्ते, बांध, पाझर तलाव उभे राहिले. तिच्यासाठी 1975 साली पगारदारांवर व्यवसाय कर बसला. गरिबावर केलेला खर्च असा जमिनीत मुरतो अन् वर येतो. पण रोजचा खर्चच उधारीवर चालला की पुढच्या साली आधी व्याज. व्याजाची तारीख चुकत नाही. वसतिगृहाच्या पैशाची चुकते.

अन् महागाई? बाबासाहेबांनी 1923 सालीच रुपयाच्या प्रश्नावरच्या ग्रंथात दाखवलं, की पैशाची किंमत घसरली की भाव चढतात, मजुरी मागं राहते, अन् व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या खिशातून निघतो. ऐंशीच्या दशकात दिल्लीने तूट फुगवली. 1991 मध्ये दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. सोनं गहाण पडलं, रुपया घसरवला, खताचे भाव वाढवले. सोनं त्यांचं गेलं, भाकर आपली गेली.

आता हे ऐका. मे 2025. लाडकी बहीण योजनेचा हप्ता द्यायला सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी वळवले. आदिवासी खात्याचे 335 कोटी. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच उघड तक्रार केली. आपलं भांडण बहिणीशी नाही. तिच्यात आपलीही माय आहे. पण मायच्या हातावर दीड हजार ठेवायचे, तेही तिच्याच पोराच्या वाट्यातून काढून? याला दान म्हणता? हा तर खिसा कापणं झालं!

2011 च्या जनगणनेत राज्यात आपण शंभरात जवळपास बारा. तेवढा वाटा हा हक्क आहे, भीक नव्हे. हा निधी दुसरीकडे वळवायला बंदी करणारा कायदा पाहिजे. आंध्रने 2013 साली उपयोजनेचा कायदा केला, कर्नाटकानेही केला. पण कर्नाटकात कायदा असूनही पैसा हमी योजनांकडे गेला. तवा नुसता कायदा पुरणार नाही, पहारा पाहिजे.

म्हणून मोर्च्याच्या घोषणेसोबत अर्थसंकल्पाचं पुस्तकही हातात घ्या. तरतूद किती, खर्च किती, वळवला किती, हे तीन आकडे दर साली समाज मंदिराच्या भिंतीवर लिहा. मेहकरला तहसीलदाराला विचारा, बुलढाण्याला कलेक्टरला विचारा.

तूट त्यांनी केली. भरपाई आपल्या ताटातून होणार नाही.

जय भीम!