हजेरी बघत नाहीत असं कॉलेज

नीटचा निकाल लागून दोन दिवस झाले होते. मामीचा फोन आला. "पोरीचं कॉलेज बदलायचंय. तू कराडातच शिकलास, तुला माहीत असंल. हजेरी बघत न्हाईत असं कुठलं कॉलेज हाय?"

मामेबहीण बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. होती म्हणजे पटावर होती. बारावीनंतर नीटला मार्क कमी पडले, तेव्हा एक वर्ष रिपीट करायचं ठरलं आणि 'वर्ष वाया जायला नको' म्हणून जवळच्या एका कॉलेजात नाव घातलं. सकाळपासून क्लास, संध्याकाळी टेस्ट, रविवारी मॉक. कॉलेजात ती गेली ती परीक्षेला आणि जर्नलवर सह्या घ्यायला. यंदाही सरकारी डेंटल कॉलेजात जागा लागेल एवढे मार्क नाहीत, आणि खासगीची फी मामाच्या ऊसबिलात बसत नाही. म्हणून अजून एक वर्ष. मधल्या काळात त्या कॉलेजात नवे प्राचार्य आले आणि फलकावर पंचाहत्तर टक्के हजेरीची नोटीस लागली. एक कॉलेज सुधारायला लागलं, आणि आमच्या घरात ते सोडायची तयारी सुरू झाली.

मामीचा मला राग आला नाही. तिनं तेच विचारलं जे जूनमध्ये सातारा-सांगलीतल्या कितीतरी घरांत विचारलं जातं. राग आला तो आपण सगळ्यांनी मिळून हा प्रश्न शहाणपणाचा ठरवला आहे याचा. डेंटलच्या आधीचं कॉलेज म्हणजे एसटी स्टँड. गाडी लागेपर्यंत बाकड्यावर बसायचं, बाकडं कसं आहे ते कशाला बघायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेकांची गाडी लागत नाही. ज्या कॉलेजला आपण स्टँड समजतो, तेच बहुतेकांचं कॉलेज ठरतं. त्यामुळे ते शेवटचं समजूनच निवडलं पाहिजे.

हिशेब मांडून बघा. २०२४ साली नीटला तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, बीडीएसच्या सत्तावीस-अठ्ठावीस हजार. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या जागा मिळवल्या तरी बाहेर राहणारी मुलं आत जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त. त्यातही डेंटलची स्वस्त जागा म्हणजे सरकारी जागा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी बोटांवर मोजण्याइतकी शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर. कराडकरांना वाटतं, आपल्या गावातच, मलकापूरला डेंटल कॉलेज आहे की. आहे, पण ते अभिमत विद्यापीठात येतं. अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत देशभरातून भरल्या जातात. त्या यादीत कराडचा पत्ता असण्याचा काही उपयोग नाही.

आणि जागा नाहीत म्हणून मुलं थांबतात हेही अर्धंच खरं. २०२०-२१ला देशात बीडीएसच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या होत्या. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पात्रतेचा पर्सेंटाइल दहानं खाली आणायला सांगितलं आणि खासगी डेंटल कॉलेजांनी फी कमी करण्याचा विचार करावा असंही म्हटलं. म्हणजे खुर्च्या मोकळ्या, मुलं बाहेर उभी, आणि मध्ये फी. माझ्या बहिणीचं तिसरं वर्ष याच दरीत जाणार आहे. तिला दंतवैद्य होण्याइतकं येतं की नाही हा प्रश्नच नाही. लाखांची फी तिनं मार्कांनी फेडायची आहे.

आता माझ्या क्षेत्राचं सांगतो, कारण तुलना तिथूनच सुचली. मी इंजिनीअरिंग केलं तेव्हा दुसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात डिप्लोमावाली मुलं आली. थेट द्वितीय वर्ष. वर्कशॉपमध्ये ती आमच्यापेक्षा सरस, गणितात पहिले सहा महिने चाचपडणारी. त्यांची आधीची तीन वर्षं कुणी पुसून टाकली नाहीत. बारावीला गणित असेल तर बीएस्सी झालेल्यालाही इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडं असतं. आधी शिकलेलं मोजायचं, ही गोष्ट आपल्याकडे होऊ शकते. होते आहे. फक्त काही दारांवर.

बीडीएसच्या दारावर होत नाही. तिथं बीएस्सीचं एक वर्ष केलेला, तीन वर्षं केलेला आणि काहीच न केलेला, तिघंही पहिल्या दिवशी सारखेच. गंमत अशी की नीटच्या पात्रतेच्या यादीत बीएस्सीवाल्यांसाठी वेगळे कोड आहेत. म्हणजे बीएस्सीवरून या, असं सरकारच सांगतं, आणि आलात की ते विसरा, असंही सरकारच सांगतं. दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावानं २०२१पासून क्रेडिट बँकेचा गाजावाजा आहे. खातं काढा, क्रेडिट साठवा, हवं तेव्हा बाहेर पडा, हवं तेव्हा परत या. बहिणीनं खातं काढलंय. त्यातलं एकही क्रेडिट डेंटल कॉलेजात वटणार नाही.

बीएस्सी झालेल्याला थेट बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला बसवा, असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षाला मानवी शरीररचना असते, दातांची रचना असते, त्या बीएस्सीत शिकवत नाहीत. पण त्याच वर्षात जीवरसायनशास्त्रही असतं. ज्यानं ते पदवीला रीतसर केलंय, प्रॅक्टिकलसह पास केलंय, त्याची एक परीक्षा घ्या आणि त्या भागातून सूट द्या. एवढं मोजलं तरी बीएस्सीच्या वर्गात बसण्याला अर्थ येईल. आज तो अर्थ आपण काढून घेतला आहे आणि मग मुलं वर्गात बसत नाहीत म्हणून नोटिसा लावतो आहोत.

माझ्या टीममध्ये मूळचा सांगलीचा एक सहकारी आहे, आता कॅलिफोर्नियात. त्याच्या मुलीलाही डेंटिस्ट व्हायचंय. तिथं डेंटल स्कूल साधारणपणे पदवीनंतर. मुलगी क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात आहे. दोन वर्षं तिथं कमी फीत काढायची आणि मग विद्यापीठात बदली घ्यायची. आता कुठल्या विद्यापीठात, हा त्या घरातला प्रश्न. म्हणजे मामीचाच प्रश्न. पण त्याच्या घरात वाद कशावर चालला होता? इथला कुठला केमिस्ट्रीचा कोर्स तिथं धरतात, ऑर्गॅनिकची लॅब कुठं चांगली, कुठल्या ठिकाणी पहिल्या वर्षापासून दवाखान्यात उभं राहायला मिळतं. कम्युनिटी कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात चालतो याची अधिकृत यादी तिथं राज्यानं इंटरनेटवर ठेवली आहे. सोळा वर्षांच्या मुलालाही ती वाचता येते.

तिथं सगळं सोनं आहे असं नाही. डेंटल स्कूलमधून बाहेर पडणाऱ्या अमेरिकन पोराच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असतं. ते आपल्याकडे नको. पण एका घरात 'लॅब कुठं चांगली' आणि दुसऱ्या घरात 'हजेरी कुठं नाही', हा फरक पोरींच्या हुशारीतला नाही. एकीची आधीची वर्षं मोजली जाणार आहेत, दुसरीची नाहीत.

इथं क्लासवाले म्हणतील, दोन दगडांवर पाय ठेवून नीट निघत नाही. प्रॅक्टिकलला गेलेली दुपार म्हणजे शंभर प्रश्न गेले. ठीक. मग खरा ड्रॉप घ्या. एक वर्ष घरी बसून अभ्यास करा आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र करा, त्यानं कुणाचं आयुष्य बुडत नाही. पण खोटी बीएस्सी नको. बीएस्सीची फी भरायची, जागा अडवायची, आणि तिथल्या मास्तरांना रिकाम्या बाकांसमोर उभं करायचं, यात दोन्ही दगड निसटतात. शिवाय प्रॅक्टिकल म्हणजे वाया गेलेली दुपार हे आता नीटच्या दृष्टीनंही खरं नाही. २०२४पासूनच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचा स्वतंत्र घटक आहे आणि त्यात टायट्रेशन आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मामीचा आहे. मुलगा वर्षभर घरी बसला तर 'अभ्यास करतोय'. मुलगी बसली तर 'घरीच असते', आणि दिवाळीच्या आत स्थळ येतं. कॉलेजचं ओळखपत्र ही तिची ढाल आहे. पगारदार इंजिनीअर झालेल्या माझ्यासारख्यानं 'खरा ड्रॉप घ्या' म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. पण ढालच हवी असेल तर ती पत्र्याची कशाला? तीन वर्षांनी नीट झालं नाही, तेव्हा स्थळाच्या आधी तिच्या हातात काय असेल? जिच्या जर्नलवर सह्या आहेत आणि जिला लॅब माहीत नाही अशी पदवी. त्या पदवीवर औषध कंपनीच्या क्यूसीत उभं करत नाहीत, एमएस्सीची प्रवेश परीक्षा निघत नाही. कागद असतो, पण लग्न पुढं ढकलायला लागणारी नोकरी त्या कागदावर मिळत नाही.

कॉलेजंही यात साळसूद नाहीत. पट भरलेला दिसतो, तुकडी टिकते, कुणी तक्रार करत नाही. बारावीच्या 'इंटिग्रेटेड' कॉलेजांनी हा धडा आधीच गिरवला होता: नाव कॉलेजात, मूल क्लासात, प्रॅक्टिकलचे मार्क पुरे. तोच हिशेब आता पदवीपर्यंत चढला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या जिल्ह्यात वसतिगृहात राहून, श्रम करून शिकायची रीत घालून दिली, त्याच जिल्ह्यात आपण न जाता शिकायची रीत पाडली.

आणि सगळ्यात विचित्र गोष्ट ही, की हे सगळं दंतवैद्यकासाठी चाललं आहे. दात हे हाताचं काम आहे. बीडीएसच्या पहिल्या वर्षात मुलं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात, चुकला की पुन्हा कोरतात. ज्या मुलीला आयुष्यभर बोटांच्या टोकांवर पोट भरायचंय, तिला आपण अकरावीपासून चार वर्षं हातानं करायच्या प्रत्येक गोष्टीपासून लांब ठेवतो आणि त्याला तयारी म्हणतो.

मामीला मी कॉलेजचं नाव सांगितलं नाही. काय विचारायचं ते सांगितलं. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये किती मुलं आणि टेबलं किती? तिसऱ्या वर्षाला केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांतलं काय मिळतं? पहिल्या वर्षाचे क्रेडिट जसेच्या तसे धरणार का, हे लेखी द्याल का? शिवाजी विद्यापीठाच्याच दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर काम त्यातल्या त्यात सोपं. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात जायचं तर विद्यापीठच बदलतं, मायग्रेशन लागतं. स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यासक्रम जुळतो का ते आधी बघायचं. आणि मध्येच डेंटलला नंबर लागला तर मूळ कागद अडवणार नाहीत ना? यूजीसीनं मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला बंदी केली आहे, पण विचारून ठेवलेलं बरं.

मामीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे रोज जावं लागंल?"

"हो मामी. रोज."

ती काही बोलली नाही. रात्री बहिणीचा मेसेज आला. "दादा, मला ब्युरेट धरता येत नाही. बारावीलाही रीडिंग सरांनीच दिली होती. सेकंड इयरला सगळ्यांसमोर हसं होईल का?"

मी लिहिलं, पहिला आठवडा होईल. पहिल्या दिवशी लॅब असिस्टंटला जाऊन सांग, मला येत नाही म्हणून. तो शिकवेल. नवं कॉलेज शोधायच्या आधी एकदा त्या जुन्याच कॉलेजात जाऊन बघ, जिथं हजेरीची नोटीस लागली आहे. तिथं कुणीतरी तुमची वाट बघतंय असं दिसतंय.